घरचं घरी : जिन्याखालचं कोठार

मंडळी, गेल्या दिवाळी अंकात या सदरात हीटिंगच्या टायमरबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर वर्षभर जे फोन आले, त्यातले निम्मे हीटिंगबद्दल नव्हतेच. प्रश्न एकच : "अगं, फोटोंचं काय करायचं?" फोन भरलाय, क्लाउडचे पैसे दर महिन्याला कापले जातात, एक जुनी हार्ड डिस्क कपाटात आहे पण तिची केबल कुठल्या तरी घरबदलात हरवली. म्हणून यंदा आमच्या नावनच्या घरात जिन्याखाली एक स्विच आणि एक स्टोरेज सर्व्हर बसवला, त्याची हकीकत सांगते. खर्चासकट आणि चुकांसकट.

आधी कारण, कारण हे हौसेने झालेलं नाही.

आमच्या घरच्या गणपतीची पूजा बाबा दरवर्षी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर सांगत. 2020च्या ऑगस्टमध्ये त्यांना कॉलवर नीट ऐकू येईना, त्यात नेट अडकायचं. वैतागून त्यांनी आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर 14 व्हॉइस नोट पाठवल्या. एका उपचाराला एक. ताम्हन कुठे ठेवायचं, पंचामृत आधी की शुद्धोदक, अक्षता कधी, सगळं. मंत्र थोडे, सूचना जास्त. "घाई करू नका, तो दीड दिवस इथेच आहे," असं मधेच. त्या नोट आम्ही लावल्या आणि पूजा झाली. आपल्या मंडळातल्या दोन-चार घरांनी मागितल्या, त्यांनाही पुढे पाठवल्या.

2021च्या मे महिन्यात बाबा गेले. तेव्हा विमानांची काय परिस्थिती होती ते तुम्हांला सांगायला नको. मला जाता आलं नाही. पण गणपतीत पूजा सांगायला तेच होते.

मग 2023 साली आईचा फोन "भरला", म्हणून एका दुकानातल्या मुलाने तो साफ करून दिला. अगदी स्वच्छ. काळजी वाटली नाही, कारण माझ्याकडे होत्याच. त्याच वर्षी माझा फोन पायऱ्यांवरून पडला. बॅकअप चालू आहे अशी माझी समजूत होती. ती फक्त समजूत होती. नव्या फोनवर 2022च्या आधीचं काहीच आलं नाही.

शोधाशोध केली तेव्हा पाच नोट नवऱ्याच्या फोनमध्ये निघाल्या आणि सात द्रोहेडाच्या मैत्रिणीकडे, जिला मी त्या पाठवल्याचंही विसरले होते. 14पैकी 12. सहावी आणि नववी नाही. सहावी गंधाची. नववी पत्रीची. एकवीस पत्री आयर्लंडमध्ये कुठून आणणार, तेव्हा कुठली पानं चालतील आणि कुठली अजिबात नाही, हे बाबांनी त्यात सांगितलं होतं. म्हणजे नेमकी इथल्यासाठी केलेली नोट गेली.

त्या दिवशी ठरवलं, की घरातलं सगळं एका जागी आणायचं.

आता जागा. आयरिश सेमी-डिटॅच्ड घरात जिन्याखाली जी अंधारी खोपटी असते, हूव्हर आणि बुटांची, तिथेच आमचा इंटरनेटचा डबा येतो. राऊटरला मागे चार भोकं. एकात टीव्ही, एकात नवऱ्याच्या ऑफिसचा डेस्क, एकात वरच्या मजल्यावरच्या वायफायचा डबा, एकात मुलाचं गेमचं यंत्र. सर्व्हर लावायला जागाच नाही. म्हणून स्विच.

इथे बरेच जण चुकतात ते असं, की दुकानात जाऊन दुसरा राऊटर आणतात. नको. घराचा उंबरठा एकच असावा. राऊटर म्हणजे तो उंबरठा : बाहेरचं जग आणि घर यांच्यामध्ये बसतो, घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देतो. दुसरा राऊटर तसाच लावला तर घरात घर होतं, आणि आतल्या घरातला प्रिंटर बाहेरच्या घरातल्या लॅपटॉपला दिसत नाही. स्विच साधा असतो. तो पंगतीतला वाढपी. कुठल्या पानावर कोण बसलंय हे पहिल्या फेरीत लक्षात ठेवतो आणि मग ज्याचं त्यालाच वाढतो. त्याला ना सेटिंग, ना पासवर्ड. राऊटरच्या एका भोकातून केबल स्विचमध्ये घालायची, आणि स्विचची उरलेली भोकं तुमची. आठ भोकांचा, गिगाबिट वेगाचा, पत्र्याच्या डब्यातला स्विच आम्हांला 25 युरोला मिळाला. "मॅनेज्ड" म्हणून जो दुप्पट किमतीला मिळतो, तो घराला लागत नाही.

फक्त एक पथ्य. त्याच्यात वर्तुळ होऊ द्यायचं नाही. लावल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळी नवऱ्याची मीटिंग पडली, टीव्ही थांबला, वायफाय असून नसल्यासारखं. मी राऊटर चारदा बंद-चालू केला. हेल्पलाइनवर पाऊण तास गाणं ऐकलं. शेवटी जिन्याखाली वाकून पाहिलं तर स्विचचे सगळे दिवे एकदम, एका लयीत, लेझीम खेळल्यासारखे लुकलुकत होते. झालं होतं असं, की एका केबलचं मोकळं टोक लोंबत होतं, आणि आमच्या चिरंजीवांनी ते "नीट दिसावं म्हणून" रिकाम्या भोकात खोचलं होतं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये. काही निरोप सगळ्यांसाठी असतात, ते स्विच सगळ्या भोकांतून पाठवतो. एका भोकातून गेलेला निरोप दुसऱ्यातून परत आला की तो त्याला नवा वाटतो, पुन्हा सगळ्यांना पाठवतो. दोन काका एकमेकांना तेच सुविचार फॉरवर्ड करत बसले तर ग्रुपचं जे होईल, ते दोन सेकंदांत घराच्या नेटवर्कचं होतं. केबल उपटली, सगळं सुरळीत. तेव्हापासून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहिलंय.

केबलबद्दल थोडं, कारण खरा घाम तिथे गाळला. आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतींना आतून फॉइलचा थर असलेले इन्सुलेशन बोर्ड आहेत. ऊब राखायला उत्तम, पण वायफायला ते पत्र्यासारखेच. तळमजल्यावरच्या मधल्या भिंती ब्लॉकच्या. त्यामुळे जे यंत्र जागचं हलत नाही त्याला केबल, आणि जे हातात फिरतं त्याला वायफाय, असा सरळ हिशेब केला. कॅट सिक्स केबल घरात कितीही फिरवा, 100 मीटरपर्यंत वेग कमी होत नाही. कुणी तरी युक्ती सांगितली होती, की जुन्या सॅटेलाइट डिशची केबल भिंतीतून गेलेली असते, तिला नवी केबल बांधायची आणि दुसऱ्या टोकाने ओढायची. आम्ही बांधली, ओढली, आणि ती जागची हलली नाही. जुनी केबल आत क्लिपांनी ठोकलेली होती. नळीतून मोकळी गेली असेल तरच ही युक्ती चालते. मग भिंत फोडण्याऐवजी जिन्याच्या कडेने प्लॅस्टिकची पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यातून केबल वर नेली. आता ती कुणाला दिसतही नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी चपटी केबल घेऊन कार्पेटच्या कडेखाली दाबावी. भोक पाडायचं असेल तर घरमालकाला आधी विचारावं, डिपॉझिट आपलं असतं. नेटच्या केबलला हात लावायला हरकत नाही, पण विजेच्या फ्यूजबोर्डाला लावू नका. त्याला नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनच हवा.

आणि आता मुख्य पाहुणा. स्टोरेज सर्व्हर, ज्याला सगळे नॅस म्हणतात. डब्याच्या आकाराचं यंत्र, आत दोन हार्ड डिस्क, मागे एक केबल. तो घरातल्या नेटवर्कवर कपाटासारखा बसतो, आणि फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळे त्याचं दार उघडू शकतात. रात्री सगळ्यांचे फोन चार्जिंगला लागले की दिवसाचे फोटो आपोआप त्यात जातात. हे आपोआप फार महत्त्वाचं. दर रविवारी करू म्हटलेलं काम आमच्या घरात तरी तिसऱ्या रविवारी बंद पडतं.

डिस्क दोन, प्रत्येकी चार टेराबाइट, पण जागा चारच मिळते. एकीवर लिहिलेलं दुसरीवर तसंच्या तसं लिहिलं जातं. एक डिस्क मेली तरी घर चालू राहतं. डिस्क घेताना ती नॅससाठीची, सीएमआर पद्धतीची आहे ना, हे डब्यावर किंवा माहितीपत्रकात बघा. स्वस्तातल्या काही डिस्क एसएमआर असतात, त्यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक डिस्क बदलून दुसरीवरून सगळं पुन्हा लिहायची वेळ आली की त्या रडतात. आम्ही दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या. एकाच खोक्यातल्या जुळ्या बहिणी एकाच महिन्यात आजारी पडायला नकोत.

खर्च सांगते. स्विच 25, डबा 300, दोन डिस्क मिळून 220, केबल-पट्ट्या-टोकं 40, आणि नंतर 90 युरोचा यूपीएस, त्याची गोष्ट पुढे येतेच. एकूण 675. वीज साधारण 20 वॉट, पण चोवीस तास. वर्षाला 175 युनिट होतात. युनिटला 35 सेंट धरला तर वर्षाला 61 युरो. याआधी दोन टेराबाइटच्या क्लाउडचे आम्ही महिन्याला 10 युरो भरत होतो, म्हणजे वर्षाला 120. हिशेब करून बघा : घातलेले पैसे वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील, आणि डिस्क काही अकरा वर्षं टिकत नाहीत. तेव्हा पैसे वाचतील म्हणून कुणी हे करू नये. नवऱ्याला मी सुरुवातीला तसंच सांगितलं होतं, ते इथे मागे घेते.

मग का करायचं? क्लाउडवरचं खातं एका माणसाच्या नावावर असतं म्हणून. बाबांचे ईमेल आणि त्यातले फोटो अजून कुठे तरी आहेत. पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. तो बदलायला गेलं की ओटीपी बाबांच्या नंबरवर जातो, आणि रिचार्ज न झाल्याने तो नंबर केव्हाच बंद झाला. मोफत खातं फार दिवस उघडलं नाही तर ते पुसायचा हक्क बऱ्याच कंपन्या स्वतःकडे राखून ठेवतात. घरातल्या कपाटाची किल्ली घरातल्या दोघांकडे असते, हा त्यातला फरक. (हे वाचून एवढं तरी करा, की तुमच्या आई-वडिलांच्या फोनवर रिकव्हरीचा दुसरा नंबर घालून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.)

नॅस बसला आणि मी निर्धास्त झाले. हीच दुसरी मोठी चूक.

पहिला धक्का मीच दिला. 2019च्या फोटोंची दोन फोल्डर दिसली, एक जास्तीचं समजून पुसलं. ते जास्तीचं नव्हतं. डिस्क दोन होत्या, पण आरशाचं कामच ते. समोरच्याने टिकली काढली की आरशातलीही जाते. नॅसवर रोजच्या स्नॅपशॉटची सोय मी चालू ठेवली होती, म्हणून कालचा दिवस परत आणता आला. ती सोय बहुतेक नव्या डब्यांत असते, पण चालू आपल्याला करावी लागते.

दुसरा धक्का वाऱ्याने दिला. 24 जानेवारी 2025, एओविन वादळ. देशभर रेड वॉर्निंग, शाळा बंद, गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला ताशी 183 किलोमीटरचा झोत नोंदला गेला, या देशातला विक्रम. वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी ज्याच्या नावाने जगभर ओळखली जाते तो फ्रान्सिस ब्यूफर्ट 1774 साली आमच्या याच नावनमध्ये जन्मला. त्या सकाळी त्याची फार आठवण आली. 7 लाख 68 हजार ग्राहकांची वीज गेली, त्यात आम्ही. संध्याकाळी आली, तेव्हा नॅस सुरू झाला पण लाल दिवा दाखवत रात्रभर स्वतःला तपासत बसला. लिहिता लिहिता वीज गेली की असं होतं. सकाळी हिरवा झाला. मी मात्र त्या रात्री झोपले नाही. सांगलीत आमच्या घरी भारनियमनाच्या काळापासून इन्व्हर्टर आहे. तो तिकडेच ठेवून आलो आणि इथे येऊन पंचवीस वर्षांनी यूपीएस घेतला. तो नॅसला एका छोट्या केबलने जोडायचा. वीज गेली की तो नॅसला कळवतो, आणि पाच मिनिटांत नॅस सगळं आवरून शहाण्यासारखा झोपतो.

पण वारा, वीज, चुकीचं बोट यांच्यापलीकडेही एक गोष्ट असते. सगळं एकाच छपराखाली असणं.

नावनहून 16 किलोमीटरवर केल्स. तिथला ग्रंथ आता डब्लिनला ट्रिनिटी कॉलेजात आहे, पाहुणे आले की आपण सगळे त्यांना दाखवायला नेतो. जुन्या बखरींत 1007 सालची नोंद आहे, की केल्सच्या चर्चमधून कोलमकिलाचा मोठा शुभवर्तमान-ग्रंथ चोरीला गेला. तोच हा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दोन महिने आणि वीस रात्रींनी तो मातीच्या ढेकळाखाली सापडला. वरचं सोनं गेलेलं, पानं टाकून दिलेली. चोराला वेष्टण हवं होतं. आपल्याकडे चोर आला तर तोही डबाच नेईल, तो 300 युरोचा आहे. आतलं त्याच्या काय कामाचं? पण आतलं आपल्याला कुणी ढेकळाखाली ठेवून जाणार नाही.

आणि 1922. यादवी युद्धात 30 जून रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस स्फोटात आणि आगीत गेलं. सात शतकांची दप्तरं. 1821 ते 1851च्या चार खानेसुमाऱ्या जवळपास पूर्ण जळाल्या. इथल्या कुणा शेजाऱ्याला आपल्या खापरपणजोबांचा पत्ता सापडत नाही, त्याचं एक कारण हे. 1861 आणि 1871च्या खानेसुमाऱ्या तर आग लागायच्या कितीतरी आधी सरकारी हुकमानेच नष्ट केल्या होत्या, आणि पुढच्या दोन पहिल्या महायुद्धात रद्दीत गेल्या. (माझ्या 2019च्या फोल्डरसारखंच. आग लागत नाही, आपणच पुसतो.) बरोबर शंभर वर्षांनी, 2022च्या जूनमध्ये, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने त्या दप्तरखान्याची संगणकावर पुन्हा उभारणी झाली. ती कशातून? वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या देशांत, कुणी कुणी उतरवून घेतलेल्या नकलांतून. ज्यांनी नकला केल्या त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात जतन वगैरे नव्हतं. त्यांना आपल्या कामापुरतं हवं होतं. द्रोहेडाच्या मैत्रिणीसारखं.

आमच्या घरातही हे एकदा झालेलंच होतं, मला उशिरा आठवलं. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45. गावभागातल्या आमच्या घरात तळमजला पाण्याखाली. आई-बाबा वेळेत बाहेर पडले, पण ट्रंकेतले अल्बम राहिले. पाणी उतरल्यावर बाबांनी एकेक फोटो दोरीवर वाळत घातला होता, चेहरे सगळे वाहून गेलेले. आज आई-बाबांच्या लग्नाचे जे नऊ फोटो आहेत ते पुण्याच्या आत्याकडच्या प्रती आहेत, तिला त्या वेळी पाठवलेल्या.

फोटोग्राफर लोक यासाठी 3-2-1 म्हणतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत सांगलीला आहे. तिकडे नेटवरून पाठवायचा विचार केला होता, पण एक टेराबाइट घरातल्या केबलवरून अडीच-तीन तासांत जातं, तेच आमच्या घरच्या अपलोडच्या 50 एमबीपीएस वेगाने सलग दोन दिवस लागतील, आणि पलीकडे आईचं नेट. म्हणून खिशात मावणारी हार्ड डिस्क घेतली, पासवर्ड घालून कुलूपबंद केली, आणि जुलैत जाताना पर्समध्ये घालून नेली. सामानात टाकू नका, सामान हरवतं. ती आईच्या गोदरेजच्या कपाटात आहे, वरच्या मजल्यावरच्या. कृष्णेचं नाव घेऊन खात्री केली. पासवर्ड वहिनीला दिलाय. पुढच्या वर्षी दुसरी डिस्क नेईन आणि ही घेऊन येईन, अशी अदलाबदल.

बाहेरून, म्हणजे प्रवासात वगैरे, नॅस उघडता यावा म्हणून राऊटरचं दार इंटरनेटला उघडं ठेवायचा सल्ला तुम्हांला कुणी देईल. ऐकू नका. 2022च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरचे असे उघडे नॅस शोधून कुलपं घातली आणि किल्लीचे पैसे मागितले. घरगुती नॅस, आपल्यासारख्यांचे. 2021च्या मे महिन्यात एचएसईवर असाच हल्ला झाला तेव्हा आपल्यापैकी हॉस्पिटलांत काम करणाऱ्यांनी कागद-पेनावर कसे दिवस काढले ते आठवत असेल. बाहेरून लागलंच तर व्हीपीएनने आत या. मला तरी वर्षात दोनदाच लागलं.

एवढं झाल्यावर आईचा प्रश्न : "एवढ्या फोटोंचं करायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. सगळ्यांचे फोन ओतल्यावर 61 हजार फायली झाल्या, त्यात सुप्रभातचे गुलाब किती ते मोजायची हिंमत झाली नाही. मी दोन नियम केले. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस असं सुरू करायचं, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. आणि फॉरवर्ड आलेलं नॅसवर जाऊच द्यायचं नाही. याहून जास्त नीटनेटकेपणा आमच्याच्याने होत नाही.

पण जुलैत सांगलीला एक काम केलं ते या सगळ्या यंत्रांपेक्षा मोलाचं ठरलं. पुरातून वाचलेले आणि आत्याकडचे मिळून दोनशेच्या आसपास जुने कृष्णधवल फोटो मी स्कॅन करून नेले होते, 600 डीपीआयवर, म्हणजे चेहरा मोठा करता येतो. ते टॅबलेटवर एकेक लावत गेले आणि आईला विचारत गेले, हे कोण. फोन शेजारी रेकॉर्डिंगला. रोज दुपारी चहाआधी तासभर, असे आठ दिवस. आधी ती नुसती नावं सांगायची. तिसऱ्या दिवसापासून खुलली. ही ताई कुणाच्या लग्नात रुसली, ही पैठणी कुणाकडून मागून आणलेली, हा मागे उभा मुलगा आपल्या नात्यातला नाहीच, फोटो काढताना येऊन उभा राहिला. एका फोटोपाशी ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "हा पुढचा लाव." मी लावला. तो आवाज, ती थांबलेली जागासुद्धा, आता फोटोच्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवलीय. पंधराएक चेहरे आईलाही ओळखता आले नाहीत. पाच वर्षांपूर्वी विचारलं असतं तर बाबांनी सांगितले असते.

परतताना पुण्याला आत्याकडे एक रात्र होते. तिचा फोन जुना, भरलेला, मुलगा सारखा म्हणतो की साफ करून देतो. मी म्हटलं, आधी मला दे. केबल लावून सगळं लॅपटॉपवर घेतलं आणि 2020च्या ऑगस्टमध्ये शोधलं. सहावी नोट होती. बाबांनी बहिणीला स्वतःच पाठवलेली, खाली लिहिलेलं, "ऐकून सांग, बरोबर आहे का." आत्याने अंगठा दाखवलेला.

यंदा 27 ऑगस्टला पूजेत 13 नोट झाल्या. चिरंजीव टीव्हीवरून, नॅसमधून, एकेक लावत होते. आठव्यानंतर दहावी लागते, आणि मधे आम्ही अंगणातली पानं आपापल्या समजुतीने वाहतो. यंदा हॉथॉर्नची वाहिली. बाबांना चालली असती की नाही, ठाऊक नाही.

तर मंडळी, एक काम आहे. 2020च्या त्या गणपतीत या नोट मी कुणाकुणाला पाठवल्या ते मला नक्की आठवत नाही, आणि ज्यांना पाठवल्या त्यांनी पुढे कुणाला दिल्या असतील तेही नाही. तुमच्या खणात जुना फोन पडला असेल तर तो चार्ज करा आणि 21-22 ऑगस्ट 2020 बघा. नोट मिनिटभराची आहे. सुरुवातीला कुकरची शिट्टी होते, मागून आई म्हणते, "अहो, दार लावून घ्या," आणि मग बाबा म्हणतात, "हां, आता पत्री." सापडली तर फोन तसाच राहू द्या, काही दाबू नका. मी केबल घेऊन येते.